कॅमेरा कशाला हवा

आसावरीनं तो फोन तळहातावर ठेवला तेव्हा पवित्राला वाटलं, ही चुकून नुसतं कव्हरच घेऊन आली. इतका तो पातळ आणि हलका होता. तिनं तो उलटा केला, सुलटा केला, कडेनं अंगठा फिरवला. उजव्या अंगाला तीन बटणं लागली. मधलं जरा खोलगट, वरचं आणि खालचं फुगीर. तळाशी वायरचा इअरफोन खुपसायचं गोल भोक.

"हे भोक परत कुठनं आलं?" तिनं विचारलं. "सगळ्या कंपन्यांनी बुजवून टाकलं होतं की."

"तीच तर गंमत आहे," आसावरी म्हणाली. "खास गाण्यांसाठी बनवलेला फोन आहे हा. नाव तान. अजून बाजारात यायचाय. मोजक्या लोकांना वापरायला दिलेत, त्यातला एक मी तुझ्यासाठी मागून आणला. वापर आणि काय वाटतं ते सांग. अगदी मोकळेपणानं."

पवित्रा निपाणीची. लहानपणी तिला अंधुक दिसायचं, आणि शाळेत असतानाच तेही गेलं. वडील आप्पाजी तंबाखूच्या वखारीत कामाला होते. त्यांनी मुलीला घरात बसवून ठेवलं नाही. बेळगावात शिकवलं, आणि नोकरी लागली तेव्हा स्वतः बंगळुरात आणून सोडलं. बेळ्ळंदूरच्या एका विमा कंपनीत ती फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकून घ्यायची. कन्नडमध्ये बोलणाऱ्याला कन्नडमध्ये, मराठीतल्याला मराठीत, बाकीच्यांना हिंदीत उत्तर द्यायची. आसावरी पुण्याची. ती या फोन बनवणाऱ्या कंपनीत जाहिरातींचं काम बघायची. दोघी एचएसआर लेआउटमध्ये एका फ्लॅटमध्ये भाड्यानं राहत होत्या.

राहायला आली त्या आठवड्यात आसावरीनं मदतीच्या हौसेनं स्वयंपाकघरातले सगळे डबे नीट लावून ठेवले होते. पवित्रानं त्या दिवशी भाजीत मिठाऐवजी साखर घातली. मग तिनं शांतपणे सांगितलं, "मीठ कुठं हाय ते मला ठाऊक होतं. तू जागा बदलू नकोस, तेवढीच मदत पुरे." त्या दिवसापासून दोघींचं छान जमलं. पवित्राला आसावरी आवडायची, कारण तिला एकदा सांगितलं की कळायचं.

फोन मात्र पवित्राला पहिल्या दिवसापासूनच आवडला. ऑफिसची कॅब रिंग रोडवर रोजच्यासारखी अडकून पडली, की ती खिशात हात घालून नुसत्या अंगठ्यानं गाणं बदलायची. जुन्या फोनवर हेच करायचं तर फोन बाहेर काढा, काचेवर बोट सरकवत बसा, तो काय काय वाचून दाखवतो ते ऐका, मग दोनदा टिचकी मारा, तोवर निम्मं गाणं संपलेलं. इथं बटण बोटाला लागायचं आणि काम व्हायचं. आणि आवाज! तिच्याकडे आप्पांच्या भजनी मंडळाची एक ध्वनिफीत होती, तिनंच गावी गेल्यावर घेतलेली. ती किती वेळा ऐकली असेल याला गणती नव्हती. पण तानवर ती लावली आणि तिला पेटीच्या पाठीमागे एक बारीक फुसफुस ऐकू आली. तिनं दुपारच्या सुट्टीत घरी फोन लावला.

"आप्पा, तुमच्या पेटीच्या भात्यातनं वारा गळतोय."

"लई वर्षं झाली गळतोय," आप्पा म्हणाले. "तुला आत्ता कळलं व्हय?"

"नवा फोन आलाय."

"मग त्या फोनला म्हणावं, आमच्यातल्या व्यंकोजीचे टाळ कुठं चुकतात तेबी सांग. आमचं कोण ऐकत नाही."

पण आवडतं म्हणून पवित्रा डोक्यावर घेऊन नाचणाऱ्यातली नव्हती. चारआठ दिवसांत तिला फोनच्या खोडीही कळल्या. अंग बारीक म्हणून आत बॅटरीही बारीक. चहाच्या सुट्टीपर्यंतच तिचा जीव गळून जायचा. तासभर गाणी लावली की फोन तव्यावरून काढलेल्या भाकरीसारखा गरम व्हायचा. स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा आवाज हा पवित्राचा खरा आधार. इतर फोनवर तो बोलायला लागला की गाणं आपोआप हळू होतं. तानमध्ये गाणं मागं हटायचंच नाही. मोठ्यानं बोलणाऱ्या पाहुण्यांपुढं घरच्या माणसाचा आवाज दबावा तसा तो बिचारा गाण्याखाली गाडला जायचा.

आणि कॅमेरा. कॅमेरा तर नावाला होता.

हे तिला कळलं ते एका शनिवारी. सकाळपासून डोकं ठणकत होतं. आसावरी कामाला गेली होती. पवित्राच्या औषधाच्या डब्यात दोन पाकिटं असायची, एक डोकेदुखीच्या गोळ्यांचं आणि एक सर्दीच्या. दोन्ही हाताला एकसारखीच. सर्दीची गोळी घेतली की तिला दिवसभर गुंगी यायची, आणि दुपारी तर कामावर जायचं होतं. एरवी ती पाकिटाचा फोटो काढायची आणि जुना फोन नाव वाचून दाखवायचा. त्या दिवशी तिनं तानवर फोटो काढला. फोन म्हणाला, "अक्षरं स्पष्ट नाहीत." तिनं खिडकीपाशी जाऊन काढला. "अक्षरं स्पष्ट नाहीत." पाकीट लांब धरलं, जवळ धरलं, टेबलावर ठेवलं. शेवटी फोननं काहीतरी वाचलं, ते कुठल्याच भाषेतलं नव्हतं. जुना फोन तिनं मैत्रिणीला वापरायला देऊन टाकला होता. शेजारच्या दाराला कुलूप. आप्पांना व्हिडिओ कॉल लावला, तर आप्पा म्हणाले, "मला नुसतं चांदीवानी चमकताना दिसतंय गं."

अंदाजानं गोळी घ्यायची नाही, हा तिचा नियम होता. डोक्याला ओढणी घट्ट आवळून ती तशीच कामावर गेली आणि आठ तास लोकांच्या तक्रारी ऐकत बसली.

घरी आल्यावर तिनं आसावरीला सगळं सांगितलं. आसावरीनं तिचं बोलणं आपल्या फोनवर रेकॉर्ड करून घेतलं. बटणं किती सोयीची, आवाज कसा, भाता कसा ऐकू आला, हे सगळं पवित्रानं भरभरून सांगितलं. आणि बॅटरी, गरम होणं, दबलेला आवाज आणि कॅमेरा, हेही तितकंच स्पष्ट सांगितलं. आसावरी म्हणाली, "हेच हवं होतं मला. मी वरती पोचवते."

तिनं ते पोचवलंही. काही दिवसांनी ती जिना धावत चढून आली. "पवित्रा, ऐक. आमच्या यशोवर्धन सरांना तुझं रेकॉर्डिंग प्रचंड आवडलं. जाहिरातीत तूच हवीस म्हणतायत. कुणी नटी नको, खरं माणूस हवं. मराठी, कन्नड, दोन्हीत तूच बोलायचं."

पवित्राला बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगायचं? फोन तिला आवडला होता. आपण खोडी सांगितल्या, त्या यांनी ऐकून घेतल्या, आता दुरुस्त करत असतील, असं तिनं धरून चाललं. तिनं होकार दिला. आप्पांनी ही बातमी भजनी मंडळात सांगून टाकली.

चित्रीकरण व्हाइटफील्डला एका मोठ्या गोदामासारख्या जागेत होतं. आत त्यांनी खोटा रस्ता केला होता. पायाखाली खोटी फरशी, बाजूला खोटी झाडं, तीही पवित्रानं हात लावून पाहिली. तिच्या तोंडाला काय काय फासलं, केस मोकळे सोडायला लावले. मग कुणीतरी तिच्या डोक्यावर मोठे हेडफोन चढवले. दोन्ही कान गच्च झाकले गेले आणि तिला एकदम खोल विहिरीत उतरल्यासारखं वाटलं. तिनं ते काढले.

"हे कशाला?"

आसावरीनं समजावलं. "शॉट असा आहे. तू काठी घेऊन रस्त्यावरून चालतेयस, गाणं ऐकतेयस, छान हसतेयस. गाड्या बाजूनं जातायत."

"दोन्ही कान बंद करून?"

"फक्त जाहिरातीपुरतं गं."

"अगं, रस्त्यावर मी एक कान कायम उघडा ठेवते. दोन्ही बंद केले तर पहिल्या चौकातच बसखाली जाईन. जाहिरातीचं ऐकून कोणी आंधळी पोरगी तसं करायला गेली तर?"

"बरं, ते मी बोलते सरांशी. एक कान उघडा ठेवू." आसावरीचा आवाज घाईतला होता. "आता तुझं वाक्य ऐक. शेवटी तू थांबतेस, फोन असा छातीशी धरतेस आणि म्हणतेस, 'मला कॅमेरा कशाला हवा? मी जग कानांनी पाहते.'"

पवित्रानं हातातले हेडफोन बाजूला ठेवले. आसावरीला वाटलं, तिला नीट ऐकू गेलं नाही. तिनं वाक्य पुन्हा वाचलं.

"आसावरी, हे कुणी लिहिलं?"

"मी," आसावरी म्हणाली. "म्हणजे, सरांची कल्पना. शब्द माझे."

"माझं गोळ्यांचं ऐकल्यावर?"

"हो, पण जाहिरातीत तसं नाही ना सांगता येत. कॅमेरा या फोनची कमकुवत बाजू आहे, सगळ्यांना माहीत आहे. लोक त्यावरूनच नावं ठेवणार. तू हे बोललीस की लोकांना वाटेल..." ती अडखळली.

"काय वाटेल?"

"की गाण्यापुढं कॅमेरा म्हणजे क्षुल्लक गोष्ट आहे."

पवित्राला सगळं लख्ख कळलं. खोड दुरुस्त करायची राहू दे, ती झाकायला यांनी चादर शोधली होती, आणि ती चादर म्हणजे पवित्रा. इतका वेळ तिला वाटत होतं, आपल्याला बोलावलं ते आपल्याला फोनमधलं कळतं म्हणून. बोलावलं होतं ते दिसत नाही म्हणून. तिच्या कानशिलात रक्त चढलं. पण तिचा आवाज चढला नाही. दिवसभर चिडलेल्या माणसांशी बोलून तिनं तो लगामात ठेवायला शिकून घेतलं होतं.

"मी हे वाक्य म्हणणार न्हाई," ती म्हणाली.

मग यशोवर्धन आला. मुंबईचा माणूस, बोलायला गोड. त्यानं खुर्ची ओढून घेतली आणि समजुतीच्या सुरात सुरुवात केली. "पवित्रा मॅडम, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण हे वाक्य किती पॉझिटिव्ह आहे बघा. तुमच्यासारख्या स्पेशल लोकांची ताकद दाखवतोय आपण. लाखो लोकांना प्रेरणा मिळेल."

"सर, प्रेरणा राहू दे. कॅमेरा मला हवाय. रोज लागतो. औषध वाचायला, बसवरचा नंबर बघायला, रव्याचं पाकीट की मैद्याचं ते कळायला. डोळे असणारा कॅमेऱ्यानं सेल्फी काढतो. तो खराब आला तर पुन्हा काढतो. माझा कॅमेरा खराब असला तर मी चुकीची गोळी खाते. मग मला तो कमी लागतो की जास्त?"

"पॉइंट आहे," यशोवर्धन म्हणाला. "पण कुठलीच जाहिरात स्वतःची उणी बाजू सांगत नाही."

"नका सांगू. आवाज चांगला आहे म्हणून सांगते, बटणं झकास आहेत म्हणून सांगते, मनापासून सांगते. कॅमेऱ्याचं नावच काढू नका."

"तेच वाक्य तर जाहिरातीचा कणा आहे, मॅडम. ते काढलं तर उरलं काय?"

"मग मला जाऊ द्या. तुमच्या फोनचं व्यंग झाकायला माझे डोळे वापरायचे न्हाईत."

यशोवर्धनच्या बोलण्यातला गोडवा ओसरला. त्यानं सांगितलं की सगळी तयारी झाली आहे, इतकी माणसं खोळंबली आहेत, आणि अशी संधी तिला पुन्हा मिळणार नाही. पवित्रानं ऐकून घेतलं. मग तो उठून गेला आणि जाता जाता आसावरीला म्हणाला, "तुझी मैत्रीण आहे. तू बघ."

आसावरी तिच्या शेजारी बसली. तिनं पवित्राचा हात हातात घेतला. "पवित्रा, माझ्यासाठी म्हण. एकदाच. हे कॅम्पेन माझं आहे. आज हे झालं नाही तर सगळं माझ्यावर येईल."

हे सगळ्यात कठीण होतं. यशोवर्धनला नाही म्हणायला काहीच लागलं नव्हतं. पण आसावरी तापात उशाशी बसलेली मैत्रीण होती, भांडून घरमालकाकडून जिन्याला कठडा बसवून घेतलेली मैत्रीण होती. पवित्राच्या मनात आलं, म्हणून टाकावं, एका वाक्यानं काय होतंय? आणि लगेच तिला आपल्यासारखीच कुठली तरी पोरगी दिसली, हुबळीत नाहीतर नागपुरात, जिला घरचे म्हणतायत, साधा फोन घे की, तुला कॅमेरा कशाला हवा, ती टीव्हीवरची बाईसुद्धा तेच म्हणते.

"तुझ्यासाठी दुसरं काहीबी माग," ती म्हणाली. "हे नको."

तिनं तोंडावरचा रंग स्वतःच ओल्या रुमालानं पुसला. तान खिशातून काढून आसावरीच्या हातात दिला. काठी उघडली आणि खोट्या रस्त्यावरून चालत बाहेरच्या खऱ्या रस्त्यावर आली. रिक्षावाल्यानं विचारलं, "एल्लिगे अक्का?" कुठं जायचंय, ते तिनं सांगितलं. "ट्रॅफिक स्वल्प जास्ती इदे," तो म्हणाला. ती म्हणाली, असू दे गर्दी.

त्यानंतर फ्लॅटमध्ये अबोला सुरू झाला. आसावरीला कॅम्पेनवरून काढलं आणि किरकोळ कामाला लावलं. घरी आली की ती गुपचूप आपल्या खोलीत जायची, चप्पलसुद्धा न वाजवता. एका संध्याकाळी पवित्रा स्वयंपाकघरात वळली आणि आसावरीवर आदळली. कढईतलं तेल थोडक्यात वाचलं.

"रागव," पवित्रा म्हणाली. "खुशाल रागव, बोलू नकोस. पण चालताना आवाज करत जा. तू गप्प राहिलीस की माझ्या लेखी तू घरातच नसतीस."

दुसऱ्या दिवशीपासून आसावरीची पावलं ऐकू यायला लागली.

जाहिरात शेवटी आलीच. पवित्रानं ती ऑफिसात कुणाच्या तरी फोनवर ऐकली. एका नटीनं काळा चष्मा लावून केली होती, असं शेजारच्या मुलीनं सांगितलं. रस्ता, हेडफोन, दोन्ही कान झाकलेले. शेवटी भावनेनं ओथंबलेल्या आवाजात तेच वाक्य. शेजारची मुलगी म्हणाली, "किती सुंदर आहे ना?" पवित्रा म्हणाली, "न्हाई."

त्या संध्याकाळी तिनं आपल्या साध्या, जुन्या फोनवर, जो तिनं मैत्रिणीकडून परत आणला होता, एक रेकॉर्डिंग केलं. आधी मराठीत, मग कन्नडमध्ये. तिनं सांगितलं की मी पवित्रा, मी आंधळी आहे, तान नावाचा फोन मी वापरला आहे. मग तिनं चांगलं सांगितलं आणि वाईटही सांगितलं, दोन्ही जसंच्या तसं. फोनचा आवाज असा आहे की माझ्या वडिलांच्या पेटीचा भाता मला त्याच्यातनं ऐकू आला, हेही तिनं गाळलं नाही. शेवटी ती म्हणाली, "जाहिरातीतली बाई विचारते, मला कॅमेरा कशाला हवा. तिला ठाऊक नसेल. तुम्हाला कशाला लागतो, ते तुम्ही सांगा." आणि न दिसणाऱ्यांचे जे जे गट तिला ठाऊक होते, तिथं तिनं ते धाडून दिलं.

उत्तरं यायला लागली. आधी एक-दोन, मग रीघ लागली. हुबळीचे नरसिंहराव म्हणून एक शिक्षक म्हणाले, मला वर्गातली हजेरी वाचायला लागतो. सोलापूरच्या भागुबाई म्हणाल्या, नात शाळेत चित्र काढते, त्यात काय काढलंय ते फोन सांगतो, मग मी तिला शाबासकी देते. कुणी म्हणालं, दोन पायांत दोन रंगांचे मोजे घालून मुलाखतीला जाऊ नये म्हणून लागतो. एक बाई म्हणाली, घरात दिवा चालू राहिलाय का ते बघायला. माझ्याकडे येणाऱ्याला वाटतं, हिला दिव्याचं काय कळतंय, पण बिल मलाच येतं. कुणी रडगाणं गायलं नाही. सगळे ठणठणीत आवाजात बोलत होते, काहीजण तर हसत होते. कुणीतरी ते सगळे आवाज एकापुढे एक जोडले आणि ते आंधळ्यांच्या गटांबाहेर डोळसांमध्येही फिरायला लागलं.

यशोवर्धनचा फोन आला. "मॅडम, तुम्ही हे मागे घ्या. कंपनीची बदनामी होतेय."

"यातलं कुठलं वाक्य खोटं आहे ते सांगा," पवित्रा म्हणाली. "तेवढं मागे घेते."

तो खोट्या वाक्याबद्दल काही बोलला नाही. वकिलांचं नाव काढलं, पुढं बघू म्हणाला आणि फोन ठेवला. पवित्राला भीती वाटली नाही असं नाही. तिनं आप्पांना सगळं सांगितलं. आप्पा म्हणाले, "खरं बोललीस न्हवं? मग बस निवांत. लई झालं तर गावाकडं ये. इथं भजनाला गळे कमीच पडायलेत."

वकील आले नाहीत. काही दिवसांनी जाहिरातीतलं शेवटचं वाक्य गायब झालं. माफी नाही, खुलासा नाही, नटी फोन छातीशी धरते आणि गप्प उभी राहते, एवढंच. त्यानंतर फोनमध्ये एक सुधारणा आली आणि वाचून दाखवणारा आवाज सुरू झाला की गाणं हळू व्हायला लागलं. कॅमेरा होता तसाच राहिला. तो आतल्या यंत्राचाच भाग. नुसतं सॉफ्टवेअर पाठवून बदलता येण्यासारखा नव्हता.

हे सुधारणेचं पवित्राला सांगितलं ते आसावरीनं. त्या रविवारी ती चहाचे दोन कप घेऊन आली आणि समोर बसली.

"तुझं पहिलं रेकॉर्डिंग मी इंजिनिअर लोकांना परत ऐकवलं," ती म्हणाली. "सगळं. सरांना न विचारता. इंजिनिअर लोकांना आधी फक्त चांगलं तेवढंच कापून दिलं होतं."

"कुणी कापलं होतं?"

"मी."

पवित्रानं कप हातात धरून ठेवला. मग ती म्हणाली, "आता न कापता दिलंस. ठीक हाय."

"एक विचारू?" आसावरी म्हणाली. "माझी नोकरी गेली असती तर?"

"तर मला लई वाईट वाटलं असतं. दुसरी मिळेपर्यंत भाडं मी भरलं असतं. पण तू कितीही म्हणालीस तरी मी ते वाक्य म्हटलं नसतं."

आसावरीनं चहा ढवळला. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "खोटं बोलून माझी समजूत काढली असतीस, तर मी घर सोडणार होते." आणि तिनं विचारलं, दुपारी जेवायला काय करायचं.

तान बाजारात आल्यावर पवित्रानं पगारातून तो विकत घ्यायचा ठरवला. ऑफिसातल्यांना हसू आलं. एवढी नावं ठेवलीस आणि आता घेतेस? ती म्हणाली, "नावं ठेवली ती सुधारावा म्हणून. टाकून द्यायला कोण म्हणालं?" त्याचा आवाज तिला हवा होता आणि ती बटणं हवी होती. फोटो काढायला जुना फोन पिशवीत राहील. दोन फोन बाळगायचं ओझं होतं, पण गोड बोलून कुणी तिच्या गळ्यात घातलेलं ते नव्हतं.

एचएसआरच्या मोठ्या रस्त्यावरच्या दुकानात ती आणि आसावरी गेल्या. नागराज नावाचा विक्रेता उत्साहानं पुढं आला. त्यानं पवित्राची काठी पाहिली, आणि तो आसावरीशीच बोलायला लागला. "मॅडम, यांच्यासाठी हाच बेस्ट आहे. गाणी ऐकायला. यांना दुसरं काय लागतं?"

"त्यांना काय लागतं ते त्यांनाच विचारा," आसावरी म्हणाली.

नागराज गडबडला. मग पवित्राकडे वळून, काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "क्यामरा सूपर इदे, अक्का."

"कॅमेरा सुपर न्हाई," पवित्रा कन्नडमध्ये म्हणाली. "कॅमेरा वाईट आहे. बॅटरी चहाच्या वेळेपर्यंतच पुरते. आवाज मात्र असा दुसऱ्या कुठल्या फोनला नाही. हे तिन्ही सांगून विका. घेणारा घेईल."

शेजारी एक म्हातारे गृहस्थ तोच फोन हातात घेऊन उभे होते. त्यांनी विचारलं, "खरंच आवाज चांगला आहे का हो?"

"बसा की," पवित्रा म्हणाली, आणि आपला इअरफोन दुकानातल्या फोनात खुपसून त्याचं एक टोक त्यांच्याकडे धरलं. "सांगते. आधी कॅमेऱ्याचं सांगू की आवाजाचं?"